वही कोणाच्या हातात?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. या सभागृहात असे आणखी पाचपंचवीस जण सहज निघतील. गुरुजी शाळेची संचयिका चालवायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही रांगेने त्यांच्या टेबलापाशी जायचो. कोणी दहा पैसे ठेवायचा, कोणी चार आणे. गुरुजी ती रक्कम आपल्या मोठ्या वहीत लिहायचे, मग आमच्या छोट्या पुस्तिकेत लिहायचे आणि पुस्तिका आमच्याकडे सरकवून म्हणायचे, ‘‘वाच. बरोबर आहे?’’ आम्ही वाचून ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढच्याला बोलवायचे नाहीत. चार आण्यांसाठी एवढा सोपस्कार कशाला, असे तेव्हा वाटायचे. पुढे चौतीस वर्षे मी बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. तो सोपस्कार कशासाठी होता ते तिथे कळले.

आजचा विषय आहे रोखीविना समाज, त्याचे फायदे आणि तोटे. त्या विषयाकडे मी गुरुजींच्या पुस्तिकेच्या वाटेने येणार आहे. पण आधी आपल्या बाजारात जाऊन येऊ.

परवाच्या गुरुवारी नेहमीच्या मावशींकडून मी मेथीच्या दोन जुड्या आणि थोड्या मिरच्या घेतल्या. चाळीस रुपये झाले. तराजूच्या दांडीला क्यूआर कोडचे कार्ड सुतळीने बांधलेले होते. मी मोबाइल पुढे केला. शेजारच्या डब्यातून आवाज आला, चाळीस रुपये मिळाले. मी सहज विचारले, ‘‘मावशी, बरं झालं ना, सुट्ट्याची कटकट गेली?’’ मावशी म्हणाल्या, ‘‘ती गेली. पर साहेब, पैसं पोराच्या खात्यात जात्यात. सांजच्याला मला त्येच्याकडं मागावं लागतं.’’ आणि कनवटीला हात लावून म्हणाल्या, ‘‘आदी हितं असायचं.’’

मी घरी आलो तो हे बोलणे घेऊनच. मेथी तीच, गिऱ्हाईक तेच, चाळीस रुपयेही तेच. मग बदलले काय?

मी वीसच्या दोन नोटा दिल्या असत्या, तर व्यवहार आम्हा दोघांत सुरू होऊन दोघांतच संपला असता. मावशींनी नोटा कपाळाला लावून कनवटीला खोचल्या असत्या. भवानीची वेळ असली की त्या अजूनही रोखच मागतात. मोबाइलने मी पैसे दिले तेव्हा काय झाले? मोबाइलमधून पैसा जात नाही, मित्रहो. जातो तो निरोप. माझ्या अ‍ॅपने निरोप दिला, तो नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे गेला, कॉर्पोरेशनने माझ्या बँकेला सांगितले याच्या नावे चाळीस टाका, आणि मुलाच्या बँकेला सांगितले त्याच्या जमेस चाळीस धरा. बँका आपसातला हिशेब मागाहून रिझर्व्ह बँकेत मिटवतात. अ‍ॅपवाला, कॉर्पोरेशन, दोन बँका आणि निरोप वाहून नेणारी मोबाइल कंपनी. मेथीच्या दोन जुड्यांमागे पाच जण उभे राहिले! आणि या पाचांपैकी प्रत्येकाने आपापल्या वहीत काही ना काही लिहून ठेवले.

रोखीविना व्यवहार म्हणजे नोंदीचा व्यवहार. त्याचे फायदे सांगायला बसलो तर ते नोंदीतून निघतात, आणि तोटेही त्याच नोंदीतून निघतात. म्हणून फायद्यांची एक यादी आणि तोट्यांची एक यादी करून बेरीज-वजाबाकी मांडायची, ही रीत मला पटत नाही. मी एकच प्रश्न विचारतो. वही कोणाच्या हातात आहे?

हा प्रश्न नवा नाही. रोखीविना समाज ही मोबाइलबरोबर आलेली गोष्ट आहे असे आपण समजतो. पण आपली जुनी गावे बरीचशी रोखीविनाच तर चालत होती. सुताराने औत भरायचे, चांभाराने मोट शिवायची, महाराने वेस राखायची आणि गावकीची कामे करायची. सुगीला खळ्यावर ज्याचे त्याचे बलुते. नाणे नाही, नोट नाही. हिशेब कुठे असायचा? गावाच्या तोंडी. आणि गावाचे तोंड म्हणजे कोणाचे तोंड? ज्याच्या शब्दाला चावडीवर किंमत होती त्याचे. कोणाला किती पेंढ्या आणि कोणाला फक्त झाडलोटीतले दाणे, हे तोच ठरवायचा.

बलुत्याचा दाणा वेशीबाहेर चालत नव्हता. रुपया चालतो. एवढ्या एका फरकाने किती माणसांचे आयुष्य पालटले! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, ते गावकीला बांधून ठेवणाऱ्या याच बेडीवर घाव घालायला. महार समाजातली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. तिथेही भेदभाव संपला नव्हता, विणकाम खात्याचे दार त्यांना बंदच होते. पण हातावर पगार रोख पडत होता, आणि त्या रुपयावर कोणाची जात लिहिलेली नव्हती. रोकड नाव विचारत नाही. हा तिचा गुण काळा पैसा बाळगणाऱ्यांच्याच कामाचा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा इतिहास आठवावा.

दुसरा प्रसंग आपल्या पुणे जिल्ह्यातला. सुपे हे बाजाराचे गाव. 12 मे 1875 या दिवशी तिथल्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. मागणी काय होती? कर्जरोखे द्या, वह्या द्या. आणि त्या वह्यांची त्यांनी होळी केली. ते लोण पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासाच्या पुस्तकात याला दख्खनचे दंगे म्हणतात. शेतकरी कागद का जाळतो? कारण त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते, फेडलेले पैसे त्यात जमा धरले जात नव्हते, आणि कोर्टात मात्र तोच कागद खरा ठरत होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात जमीन आणि जप्तीची कलमे होती. पण माझ्यासारख्या बँकवाल्याचे लक्ष जाते ते एका छोट्या तरतुदीकडे. पैसे भरले की शेतकऱ्याला लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षाचा हिशेब मिळाला पाहिजे, आणि हवे असेल तर पासबुकात उतरवून मिळाला पाहिजे. म्हणजे कायद्याने वहीची दुसरी प्रत ऋणकोच्या हातात दिली. गुरुजींची संचयिकेची पुस्तिका त्याच कुळातली.

वही कोणाच्या हातात, ही कसोटी घेऊन आता फायद्यांकडे वळू. फायदे खरे आहेत आणि मोठे आहेत. ते मनापासून सांगितले पाहिजेत.

पहिला फायदा, नोंद गरिबाच्या बाजूने साक्ष देते. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली, 1977 मध्ये तिचा कायदाही केला. पूर्वी मजुरी कामावर रोख वाटली जायची. मस्टरवर अंगठा उमटायचा, पण हातात किती पडले ते देणारा आणि घेणाराच जाणे. मेलेल्या माणसांची नावेही मस्टरवर हजर असायची. मजुरी बँकेच्या आणि पोस्टाच्या खात्यात जायला लागल्यावर निदान एवढे झाले की अमक्या तारखेला अमकी रक्कम मिळाली की नाही हे कागदावर दाखवता येते. शेतमजूर बाई पासबुक पुढे करून ‘‘दोन हप्ते आले न्हाईत’’ असे विचारते, तेव्हा ती नोंदीच्या बळावर विचारते.

दुसरा फायदा, नोंदीने पत तयार होते. हातगाडीवाल्याला पूर्वी बँक दारात उभे करत नव्हती. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मीही अशा कितींना परत पाठवले, हे आज कबूल करतो. कारण कागद नव्हता. 2020 च्या टाळेबंदीनंतर फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आली. पहिले कर्ज तेव्हा दहा हजारांचे होते, आणि मोबाइलवर व्यवहार केले तर वर थोडा परतावा. रोजच्या विक्रीची नोंद असेल, तर उद्या तिच्या आधारावर पुढचे कर्ज मागता येते. खाजगी सावकाराची रोजाची वसुली ज्याने भरली आहे, त्यालाच याची किंमत कळेल.

तिसरा फायदा, अंतर मिटले. कोकणातली घरे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरवर चालली. 1880 पासून पोस्टाने ही सेवा दिली. पोस्टमन दारात आला की म्हातारी पदराने हात पुसत बाहेर यायची, तो मोजून नोटा द्यायचा आणि मनीऑर्डरच्या तळाशी मुलाने लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचा. त्या ओळी गेल्या, याची मला हळहळ आहे. पण आज ठाण्यात मजुरी करणारा बिहारचा मुलगा रात्री आईच्या खात्यात पाचशे रुपये पाठवतो आणि ते त्याच क्षणी पोचतात. त्यासाठी त्याचा अर्धा दिवस रांगेत जात नाही, दलाल वाटेत काही कापून घेत नाही. हे छोटे काम नव्हे.

चौथा फायदा जोखमीचा. रोकड सांभाळणे म्हणजे काय असते ते चिपळूणला विचारा. 22 जुलै 2021 च्या महापुरात तिथले एसटीचे आगार पाण्याखाली गेले. आगारप्रमुख आणि त्यांचे सहकारी सुमारे नऊ लाखांची रोकड जवळ घेऊन कित्येक तास एसटीच्या टपावर बसून राहिले. खाली वाशिष्ठीचे पाणी आणि उराशी महामंडळाचे पैसे! त्यांच्या निष्ठेला मी नमस्कार करतो. पण चार नोटांसाठी माणसाने जीव टांगणीला लावावा, अशी वेळ येऊ नये असेही वाटते. रोकड भिजते, जळते, चोरीला जाते. ती छापायलाही पैसा लागतो. 2016-17 या एका वर्षात नोटांच्या छपाईवर 7,965 कोटी रुपये खर्च झाले. नाशिक रोडच्या छापखान्यातल्या कामगारांनी त्या वर्षी किती जादा पाळ्या केल्या, ते नाशिककरांना ठाऊक आहे.

लोकांनी हे सगळे ओळखले आहे, त्यांना ते कोणी शिकवायची गरज पडली नाही. युपीआय एप्रिल 2016 मध्ये सुरू झाले. ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात 2,000 कोटींहून अधिक व्यवहार त्यावर झाले. असा वेग जगात फार थोड्या ठिकाणी दिसला असेल. आपल्या अभियंत्यांनी हे उभे केले, याचा मला अभिमान आहे.

आता दुसरी बाजू. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण फायद्यांच्या जाहिराती भिंतीभिंतीवर आहेत. तोट्यांची जाहिरात कोण करणार?

पहिला तोटा. मधला थांबला की सगळे थांबते. मार्च 2020 मध्ये येस बँकेवर निर्बंध आले. त्या बँकेत ज्यांचे खाते नव्हते, अशा लाखो लोकांचे फोनपे दुसऱ्या दिवशी बंद पडले, कारण फोनपेचे व्यवहार त्या बँकेवरून जात होते. आपण ज्याच्यावर विसंबलो आहोत, तो कोणावर विसंबला आहे हे आपल्याला माहीतही नसते. त्याआधी सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला हजार रुपयांपलीकडे काढता येईनात. खात्यातला आकडा जागच्या जागी होता, औषधाच्या दुकानात मात्र तो चालत नव्हता. 12 एप्रिल 2025 ला युपीआयच अडखळले. काश्मीरमध्ये 2019 च्या ऑगस्टपासून कित्येक महिने इंटरनेट बंद होते. आपल्याकडे जालना आणि बीडमध्ये 2023 साली आंदोलनाच्या काळात काही दिवस इंटरनेट बंद ठेवले गेले. अशा दिवशी ज्याच्या खिशात नोट नाही, त्याने काय करावे?

ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापुराने वेढले. वीज गेली, एटीएम बंद पडली, महामार्ग तुटला. सरकारने मदत जाहीर केली. ती सगळी खात्यात जमा करून भागणार नाही हे सरकारलाही कळले, आणि त्यातले प्रत्येक कुटुंबाला पाच हजार रुपये रोख वाटायचे ठरले. चिपळूणच्या पुरात रोकड ओझे झाली, कोल्हापूरच्या पुरात रोकड आधार झाली. दोन्ही पूर आपलेच. एक लक्षात ठेवायचा आणि दुसरा विसरायचा, असे कसे चालेल?

दुसरा तोटा. ज्याला वहीत जागा नाही, तो बाजाराबाहेर. आपली शंभराची जांभळी नोट अक्षरशत्रू माणूससुद्धा रंगावरून ओळखतो, आणि ज्याला अक्षर येते त्याच्यासाठी तिच्या पाठीवर मराठीतही ‘शंभर रुपये’ लिहिलेले आहे. नोटेसाठी चार्जिंग लागत नाही, पिन लागत नाही. उलट आधारच्या यंत्रावर अंगठा लागला पाहिजे. ऊस तोडून, विटा वाहून, आयुष्यभर भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्राला पटत नाही. माझ्या शाखेत एक आजी निराधार योजनेचे पैसे काढायला यायच्या. चार वेळा बोट पुसून, पाचव्यांदा पदरावर घासून यंत्रावर ठेवायच्या. यंत्र नाही म्हणायचे. त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, ‘‘बाळा, तू तर वळखतोस न्हवं मला?’’ मी ओळखत होतो. माझ्या ओळखण्याला सही-शिक्क्याची वाट शोधायला मला अर्धा तास लागायचा, आणि प्रत्येक शाखेत तेवढा वेळ कोण देणार?

मावशींचे कोडे याच खान्यातले. त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, म्हणून क्यूआर मुलाच्या नावाचा. सरकारने लाडकी बहीण योजनेचे दीड हजार बाईच्या स्वतःच्या खात्यात टाकले, ते योग्यच केले. पण एटीएम कार्ड कोणाच्या पाकिटात आहे? ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? खाते बाईच्या नावाचे असणे वेगळे आणि पैसा बाईच्या हातात असणे वेगळे. तिने उन्हात बसून विकलेल्या भाजीचा पैसा तिला न शिवता पुढे जात असेल, तर ती प्रगती मी कोणत्या तोंडाने म्हणू?

तिसरा तोटा फसवणुकीचा. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांना संदेश आला, वीजबिल भरलेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू. माणूस आयुष्यात कधी एक दिवस उशिरा बिल न भरणारा. ते घाबरले, दिलेल्या नंबरावर फोन केला, सांगितले ते अ‍ॅप उतरवून घेतले. दहा मिनिटांत एक लाख सत्त्याऐंशी हजार गेले. मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. तिथे उत्तर मिळाले, ओटीपी तुम्हीच दिलात. सर शांतपणे म्हणाले, ‘‘दिला, माझी चूक झाली. पण तुमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं ना? मग माझे पैसे कुठे गेले, तेवढं वाचून दाखवा.’’ कोणी वाचून दाखवले नाही. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, अशी फसवणूक असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर बोजा नाही. पण हातचलाखीने ज्याचा ओटीपी काढून घेतला तो माणूस ‘निष्काळजी’ ठरतो आणि नुकसान त्याच्याच माथी बसते. तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर लाजून घरी बसू नका, त्याच मिनिटाला 1930 ला फोन करा. पहिल्या तासात पैसे अडवता येण्याची आशा असते.

चौथा तोटा पाळतीचा. कोणी म्हणेल, ज्याच्या मनात चोरी नाही त्याने नोंदीला का घाबरावे? याचे उत्तर मला नोटबंदीत काउंटरवर मिळाले. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री देशातल्या चलनापैकी मूल्याने 86 टक्के नोटा रद्द झाल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक बाई रुमालात बांधलेल्या पाचशेच्या अकरा नोटा घेऊन आल्या. नोटांना तांदळाचा वास येत होता. काचेला तोंड लावून त्या हळूच म्हणाल्या, ‘‘साहेब, खात्यावर दिसलं तर मालकांना कळंल का?’’ तो काळा पैसा होता? दारूत जाणारे पैसे वाचवून पोरीच्या फीसाठी ठेवलेले होते ते. अशा किती डब्यांतले तांदूळ त्या महिन्यात उपसले गेले, ते आम्ही काउंटरवाल्यांनी पाहिले आहे. ज्या काळ्या पैशासाठी हे केले त्याचे काय झाले? रद्द केलेल्या नोटांपैकी 99 टक्क्यांहून अधिक बँकांत परत आल्या, असे रिझर्व्ह बँकेनेच सांगितले.

मघाशी मी म्हणालो, नोटेचा व्यवहार दोघांत संपतो. नोटबंदीने त्यालाही मर्यादा दाखवली, हे कबूल केले पाहिजे. नोटेवरही शेवटी सही दुसऱ्याचीच असते. पण नोट रद्द करायला साऱ्या देशाला रांगेत उभे करावे लागले. एखाद्याचे खाते गोठवायला एक कळ पुरते, आणि शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला एकमुखाने सांगितले. कोण कोणत्या डॉक्टरकडे जातो, कोणत्या संघटनेला वर्गणी देतो, कोणते पुस्तक विकत घेतो, हे ज्याच्या वहीत आहे त्याच्या हातात आपले निम्मे आयुष्य आहे. 2025 च्या जुलैत बेंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना युपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. कर भरलाच पाहिजे, त्याबद्दल माझे दुमत नाही. पण खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्रीचाच असतो का? त्यात उसनवारी असते, भिशी असते. भाजी-दुधावर तर कर नसतोच. दुकानदारांनी क्यूआरची कार्डे उतरवून ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. वहीवरचा विश्वास उडाला की माणूस काय करतो, ते सुप्याने दीडशे वर्षांपूर्वी दाखवले होते.

जरा बाहेर बघू. युरोपात कागदी नोट पहिल्यांदा छापली स्वीडनने, 1661 साली. रोकड जवळजवळ हद्दपार करणाऱ्या देशांतही स्वीडनच आघाडीवर. तिथल्या कितीतरी दुकानांत नोट घेतच नाहीत. त्या देशाने काय अनुभव घेतला? 2021 पासून मोठ्या बँकांवर रोखीची सेवा देण्याचे कायदेशीर बंधन घातले. 2024 च्या नोव्हेंबरात सरकारने घरोघर पुस्तिका पाठवली, संकट किंवा युद्ध आले तर काय करावे. त्यात पाणी, अन्न, बॅटरी यांच्या जोडीने सांगितले आहे, निदान आठवडाभर पुरेल एवढी रोकड घरात ठेवा. जो सगळ्यांच्या पुढे धावत गेला, तो वळून सांगतो आहे की परतीची वाट मोडू नका.

आणि आपल्याकडे? मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून 1 डिसेंबर 2016 ला जाहीर झाले. दुकानादुकानांत कार्डाची यंत्रे आली. पुढे तिथे पुन्हा रोकड फिरू लागल्याच्या बातम्या आल्या. गावकऱ्यांना मी दोष देत नाही. समाज असा एका दिवसात जाहीर करता येत नाही. देशाचा आकडाही तेच सांगतो. नोटबंदीच्या वेळी लोकांच्या हातात सुमारे 18 लाख कोटींचे चलन होते, मार्च 2025 मध्ये ते 36 लाख कोटींच्या पुढे गेले. युपीआय वाढले आणि रोकडही वाढली! तज्ज्ञांना हे कोडे वाटते. आपल्या मावशींना वाटत नाही. गिऱ्हाइकाला सोपे म्हणून क्यूआर, आणि अडीअडचणीला कनवट. आपला समाज दोन्ही वाटा चालू ठेवतो आहे, आणि त्यात मला शहाणपण दिसते.

समारोपाकडे येतो. या दोन्ही वाटा नीट राहाव्यात म्हणून मला चार गोष्टी मागायच्या आहेत.

एक. दवाखाना, औषधाचे दुकान, रेशन, एसटी आणि सरकारी कचेरी इथे रोकड नाकारली जाऊ नये. मोबाइल ही सोय असावी, अट नसावी.

दोन. ज्याची नोंद त्याला ती मिळावी, कागदावर, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात. 1879 च्या कायद्याने कर्जबाजारी शेतकऱ्याला पासबुकाचा हक्क दिला होता. आज शाखेत गेलो तर प्रिंटर बंद असतो आणि ‘अ‍ॅपवर बघा’ असे सांगतात. दीडशे वर्षांत आपण पुढे आलो की मागे गेलो?

तीन. फसवणूक झाली तर ग्राहक कसा निष्काळजी होता हे बँकेनेच सिद्ध करायचे हा नियम प्रत्यक्षात पाळला जावा, आणि पैसा कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेला हे सांगणे तिच्यावर बंधनकारक असावे. वही तिच्याकडे आहे, तर वाचून दाखवण्याची जबाबदारीही तिचीच.

चार. आपली नोंद कोण पाहतो, कशासाठी, किती काळ ठेवतो, हे आपल्याला कळले पाहिजे. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण त्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे. जी वही सरकार उघडते, तिच्यावर न्यायालयाची नजर हवी.

या मागण्या सरकारकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे करायच्या. एक काम मात्र आपले आहे, आणि ते येत्या गुरुवारी करता येईल. इथे महाविद्यालयातली मुले-मुली बसली आहेत, त्यांना माझी विनंती आहे. बाजारात जा. प्रत्येक भाजीवालीला विचारा, हा क्यूआर कोणाच्या खात्याचा? दुसऱ्याचा असेल आणि तिला हवे असेल, तर तिच्या नावाचे खाते, तिच्या नावाचा क्यूआर काढून द्या. साध्या बटणांच्या फोनवरही युपीआय चालते, ते शिकवा. पासबुक भरून आणून तिच्या हातात द्या. आणि तेवढ्यावर थांबू नका. तिच्याशेजारी गोणपाटावर बसा, पासबुकातली शेवटची ओळ तिला मोठ्याने वाचून दाखवा आणि गुरुजी आम्हाला विचारायचे तेच तिला विचारा, ‘‘मावशी, बरोबर आहे?’’ ती हो म्हणेपर्यंत उठू नका.